जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरसाठी टायमिंग लाइट घेतली, कशी वाटली

आतापर्यंत टायमिंग (प्लगमध्ये ठिणगी नेमकी कधी पडते ते) कानावरच लावायचो, म्हणजे डिस्ट्रिब्युटर (प्लगांना करंट वाटणारा भाग) जरा इकडेतिकडे फिरवायचा आणि आवाज बरा वाटला की बोल्ट आवळायचा, पण लोडवर इंजिन ठोके द्यायला लागलं म्हणून शेवटी ही एक नंबरच्या प्लगच्या प्रत्येक ठिणगीला चमकणारी लाइट घेतली. एक नंबरच्या प्लग वायरला क्लिप लावली, फ्लायव्हीलच्या खुणेवर खडू घासला आणि लाइट मारल्यावर फिरती खूण जागेवर थांबल्यासारखी दिसली राव, भारी वाटलं! टायमिंग चांगलंच पुढे गेलेलं, म्हणजे ठिणगी फारच लवकर पडत होती. रेस वाढवली की खूण सरकायला पाहिजे, नाही सरकली तर अ‍ॅडव्हान्सची वजनं (रेस वाढली की ठिणगी लवकर पाडणारी, डिस्ट्रिब्युटरमधली) जाम झालीयेत का बघा.

लफडं एकच, लाइट 12 व्होल्टची आणि ट्रॅक्टर 6 व्होल्टचा, त्यामुळे वेगळी बॅटरी शेजारी ठेवावी लागते (सोबतच्या कागदात याबद्दल एक अक्षर नाही). वायर पण आखूड, हात फॅनच्या फारच जवळ जातो.

आणि हो, आधी पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधले संपर्क, ते उघडले की ठिणगी पडते) गॅप फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावा मगच लाइट हातात घ्या, गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग परत हलतं, मी नेमकं उलटं केलं आणि सगळं दोनदा करत बसलो.