आवाज गेला तर आधी काय उघडावं: पॅव्हूकंट्रोल की अल्सामिक्सर?

लिनक्स डेस्कटॉपवर आवाज बंद पडला की ही दोन साधनं हाताशी असतात. पॅव्हूकंट्रोल पल्सऑडिओवर, म्हणजे प्रोग्रॅम्सचा आवाज स्पीकर-हेडफोनकडे पोचवणाऱ्या सेवेवर, चालतं (पाइपवायर ही नवी सेवा असेल तरीही, कारण ती पल्सऑडिओची जागा घेऊ शकते). अल्सामिक्सर त्याच्या खालच्या थरात, थेट साउंड कार्डाच्या नियंत्रणांना हात घालतो.

सुरुवात पॅव्हूकंट्रोलनेच करा. बऱ्याचदा आवाज गेलेला नसतोच, भलतीकडे जात असतो; एचडीएमआयने मॉनिटर जोडलेला असेल तर आधी हाच संशय घ्यावा. काहीतरी वाजवा आणि 'प्लेबॅक' टॅबमधली पट्टी हलतेय का बघा. हलत असेल तर प्रोग्रॅम निर्दोष, आउटपुट बदला. आउटपुटच्या यादीत कार्डच नसेल तर 'कॉन्फिगरेशन'मध्ये त्याचं प्रोफाइल (कार्ड कसं वापरायचं त्याची निवड) 'ऑफ' झालंय का पाहा. ब्लूटूथ हेडफोनमधून जुन्या टेलिफोनसारखा आवाज येत असेल तर त्याचं उत्तरही इथेच: हेडसेट प्रोफाइल सोडून एटूडीपी (संगीत ऐकण्यासाठीचं, चांगल्या दर्जाचं प्रोफाइल) निवडा. त्यावर मायक्रोफोन मात्र सहसा चालत नाही.

अल्सामिक्सरला यातलं काही कळत नाही. पण पट्टी हलतेय, आउटपुट बरोबर आहे आणि तरी शांतता, तेव्हा टर्मिनलमध्ये तोच उघडावा. एकच स्तंभ दिसला तर एफ6 दाबून खरं कार्ड निवडा. स्तंभाखाली 'एमएम' म्हणजे म्यूट, एम दाबा. हेडफोन काढूनही स्पीकर मुकेच, तर 'ऑटो-म्यूट मोड' तपासा.

दोन्हीकडे कार्डच दिसत नसेल तर ड्रायव्हर किंवा फर्मवेअरकडे वळा; पट्ट्या सरकवून काही होणार नाही.