ब्रिटनची 'ट्रेड टॅरिफ' वेबसाइट: सोलापूरच्या टॉवेलवाल्यांना किती उपयोगाची?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत ब्रिटनच्या पार्टीला भाव द्यायची वेळ आली की पहिला प्रश्न ठरलेला: तिकडे ड्यूटी किती बसणार? याचं उत्तर देणारी ब्रिटिश सरकारची 'ट्रेड टॅरिफ' ही सेवा फुकट आहे. नुसते दर बघायला लॉगिनही लागत नाही. तिच्यात सगळ्यात मोलाचा आहे तो तारखेचा रकाना, आणि नेमका तोच बहुतेक जण न बघता पुढे जातात.

तारखेवर एवढा जोर का, ते ब्रेक्झिटची, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला ती वर्षं आठवली की कळतं. 23 जून 2016 ला 51.9 टक्के मतांनी बाहेर पडायचं ठरलं, 29 मार्च 2017 ला रीतसर नोटीस गेली आणि दोन वर्षांची मुदत सुरू झाली. 15 जानेवारी 2019 ला ब्रिटिश संसदेने बाहेर पडण्याचा करार 432 विरुद्ध 202 असा फेटाळला, मार्चमध्ये आणखी दोनदा फेटाळला. बाहेर पडायची तारीख 29 मार्चवरून 12 एप्रिल, मग 31 ऑक्टोबर, शेवटी 31 जानेवारी 2020. तिथल्या सामान्य माणसाचा वाटाघाटींवरचा विश्वास उडाला, यात नवल नाही. व्यापाऱ्याचं नुकसान मात्र जास्त ठोस होतं. 13 मार्च 2019 ला सरकारने करार न झाल्यास लागू करायचे ड्यूटीचे तात्पुरते दर जाहीर केले. ते कधी लागूच झाले नाहीत. त्या आकड्यांवर कुणी भाव काढला असता तर तो साफ चुकला असता. प्रत्यक्षात जुनेच नियम 31 डिसेंबर 2020 पर्यंत चालले आणि युरोपशी नवा व्यापार करार ठरला तो 24 डिसेंबरला, म्हणजे लागू होण्याच्या आठवडाभर आधी. म्हणून घोषणेपेक्षा पानावर चढलेला दर बघावा, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

वापरायचं असं. सुती टेरी टॉवेल आणि टेरी नॅपकिनचा कस्टमचा कोड (मालाचा वर्ग दाखवणारा आकडा) 6302 60. पहिले सहा आकडे जगभर तेच, पुढे भारतात आठ होतात आणि ब्रिटनमध्ये दहा: 6302600000. पान उघडलं की सगळ्या देशांचे दर एकत्र दिसतात, म्हणून आधी देश 'इंडिया' निवडा. मग तारीख बदला. इथे चूक होते ती ऑर्डरची तारीख टाकण्याची. ड्यूटी लागते माल तिकडे पोहोचून आयातीचा अर्ज स्वीकारला जातो त्या दिवसाच्या दराने. सूत, रंगाई, विणाई, शिलाई आणि न्हावा शेवाहून पुढचा बोटीचा प्रवास, एवढे दिवस धरून पोहोचण्याची तारीख टाका.

साधा दर 12 टक्के. विकसनशील देशांसाठीची ब्रिटनची सवलत योजना जून 2023 पासून सुरू आहे, तिच्यात 2025 मध्ये आपल्या टॉवेलला 9.6 टक्के होता. विमा-भाड्यासकट 10,000 पौंडांचा माल धरला तर ड्यूटी 960 पौंड आणि त्यासह होणाऱ्या 10,960 वर 20 टक्के व्हॅट, म्हणजे 2,192. सवलत मागितलीच नाही तर ड्यूटी 1,200. हे 240 पौंड शेवटी आपल्याच भावातून कापले जातात. सवलत आपोआप मिळत नाही; ती आयातदाराने मागायची असते आणि त्यासाठी ओरिजिन डिक्लरेशन किंवा फॉर्म ए, म्हणजे माल भारतात तयार झाल्याचा कागद, आपण द्यायचा असतो. वेबसाइटवरचं कॅल्क्युलेटर हा हिशोब टप्प्याटप्प्याने करून देतं.

सगळ्यात महागात पडणारी गोष्ट दराच्या पानावर ठळक दिसत नाही. 2021 आधी पार्टीचं एकच गोदाम रॉटरडॅमला असलं तरी चालायचं, तिथून माल इंग्लंडला विनाअडथळा जायचा. आता तोच टॉवेल हॉलंडमध्ये ड्यूटी भरून सोडवला आणि मग इंग्लंडला पाठवला तर दुसऱ्यांदा ड्यूटी बसते. ब्रिटन-युरोप करारातली शून्य ड्यूटी तिथे तयार झालेल्या मालाला आहे. टॉवेल विणला सोलापुरात. नवं लेबल लावून, नवी पिशवी चढवून तो युरोपचा होत नाही. उपाय दोन: इंग्लंडचा माल इथूनच वेगळा बुक करणे, नाहीतर रॉटरडॅमला तो ड्यूटी न भरता बाँडेड गोदामात, कस्टमच्या ताब्यात ठेवणे. ऑर्डर घेतानाच आयातदाराकडे जीबीने सुरू होणारा ईओआरआय, म्हणजे कस्टमकडचा नोंदणी क्रमांक आहे का ते विचारा. युरोपचा क्रमांक इंग्लंडमध्ये चालत नाही.

उत्तर आयर्लंडसाठी वेबसाइटवर वेगळा भाग आहे, त्यात युरोपचे दर दिसतात. बेलफास्टला उतरणारा माल पुढे आयर्लंड प्रजासत्ताकात जाण्याची शक्यता असेल तर ते दर लागू शकतात.

उणिवा आहेत. मराठी-हिंदी नाही, तळटिपांची भाषा वकिली आहे. कोड कुठला हे ती ठरवून देत नाही, आणि आपला घोळ तिथेच होतो. धाग्यात पॉलिस्टरचं वजन सुतापेक्षा जास्त झालं की टॉवेल 6302 60 मध्ये राहत नाही, 6302 93 मध्ये जातो. सोलापुरी चादर तर पांघरतातही आणि अंथरतातही: ब्लँकेट म्हणून 6301 की पलंगपोस म्हणून 6304? अशा वेळी आयातदाराला तिथल्या कस्टमकडून आगाऊ लेखी निर्णय घ्यायला लावा, तो बंधनकारक असतो. युरोपातल्या देशाने दिलेला जुना निर्णय ब्रिटनमध्ये चालत नाही.

भारत-ब्रिटन व्यापार करारावर 24 जुलै 2025 ला सह्या झाल्या. सही झाली की दर उतरला असं धरून भाव देऊ नका. 6302600000 च्या पानावर पोहोचण्याची तारीख टाका, भारतासमोरचा आकडा बघा, पानाची प्रिंट काढा आणि कोटेशनच्या फाइलला लावून ठेवा.