मर्कुर 34सी: बोअरच्या पाण्यावर कसा चालतो

मर्कुर 34सी हा दुधारी ब्लेडचा सेफ्टी रेझर घ्यायचा विचार असेल तर आधी घरातल्या गिझरची कॉइल उघडून बघा. तिच्यावर पांढरा, खरवडूनही न निघणारा थर असेल, तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या घेत असेल, तर तुमचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, कठीण आहे. लातूर, बीड, धाराशिव, जालन्याकडच्या बोअरवर चालणाऱ्या बहुतेक घरांत हेच. या रेझरबद्दल नेटवर भरपूर लिहिलेलं सापडतं, पण असल्या पाण्यात तो कसा वागतो ते त्यात सापडत नाही. इथं तेवढंच पाहू.

निकाल आधीच सांगून टाकतो. रेझर उत्तम आहे, नवशिक्यालाही झेपेल असा सौम्य आहे. पण त्याच्या रचनेत एक जागा अशी आहे की जड पाण्याला ती आयती सापडते, आणि ती बाहेरून दिसत नाही.

34सी जर्मनीतल्या सोलिंगेनचा. वजन ऐंशी ग्रॅमच्या आगेमागे, मूठ आखूड आणि जाड, तिच्यावर खोदलेली जाळी. साबणाच्या हातातही ती घसरत नाही, आणि रोजच्या वापरात याच गोष्टीचं सुख जास्त. रेझर दोन तुकड्यांचा आहे. खालची पट्टी मुठीला पक्की जोडलेली, वरची टोपी सुटी. टोपीच्या पोटात आट्यांचा खिळा असतो, तो मुठीच्या पोकळीत उतरतो आणि बुडाची घुंडी फिरवली की आत ओढला जातो. ब्लेड बसवताना टोपी उलटी धरायची, ब्लेड खिळ्यात ओवायचं, त्यावर मूठ बसवायची आणि घुंडी आवळायची. शेवटचा अर्धा फेरा राहिला की थांबा. ब्लेडची दोन आखूड टोकं चिमटीत धरून ते मधोमध आणा आणि मग घट्ट करा. आता रेझर डोळ्यांसमोर आडवा धरून दोन्ही बाजूंनी धार सारखी बाहेर आली आहे का ते पाहा. एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असेल तर एक बाजू ओरबाडते, दुसरी नुसती साबण पुसते, आणि दोष बिचाऱ्या ब्लेडवर जातो. पक्कड लावून आवळायचं काम नाही, बोटांनी जेवढं बसतं तेवढं पुरे.

आता ती लपलेली जागा. मुठीच्या पोकळीत प्रत्येक दाढीला थोडं पाणी आणि साबण शिरतो. पाणी उडून जातं, क्षार राहतो. साबणातलं स्निग्धाम्ल पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी बांधलं जाऊन चिकट पांढरा चोथा होतो, तोही आट्यांत बसतो. हळूहळू घुंडी जड फिरू लागते, मग करकरते. त्या अवस्थेत जोर लावला की आटे झिजतात आणि मग ब्लेड कधीच नीट आवळलं जात नाही. उपाय सोपा आहे, फक्त नेमानं करावा लागतो. प्रत्येक दाढीनंतर टोपी काढून मुठीच्या तोंडातून आरओ फिल्टरचं पाणी ओतायचं, झटकायचं आणि दोन्ही तुकडे वेगवेगळे उपडे ठेवायचे. महिन्यातून एकदा पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं करून दहा मिनिटं बुडवायचं, जुन्या टूथब्रशनं आटे घासायचे, भरपूर पाण्यानं धुवायचं. रात्रभर बुडवून ठेवू नका. क्रोमच्या मुलाम्याखाली जस्ताचा मिश्रधातू आहे, मुलामा कुठं टिचला असेल तर आम्ल तिथून आत घुसतं. कोरडं झाल्यावर आट्यांना खोबरेल तेलाचा एक थेंब चालतो. शिवणयंत्राचं तेल नको, ते चेहऱ्यापर्यंत येतं.

घुंडी फिरवली की दोन पाकळ्या उघडतात तो फुलपाखरू छापाचा रेझर जड पाण्याच्या घरात घेऊच नये. त्याच्यात हलणारे सांधे जास्त आणि सगळेच क्षार धरणारे. टोपी, पट्टी, मूठ असा सुटा होणारा तीन तुकड्यांचा रेझर मात्र इकडच्या पाण्याला सगळ्यात सोयीचा. सगळं उघडं असतं, पुसलं की झालं. 34सीचा क्रमांक या दोघांच्या मधला.

रेझरपेक्षा जास्त घोळ फेसाचा होतो, आणि ‘सेफ्टी रेझर आपल्याला जमत नाही’ म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचं खरं दुखणं तिथंच असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं असं दिलं आहे. पिण्याला चालतं म्हणजे दाढीला चालतं असं नव्हे. वरच्या मर्यादेकडच्या पाण्यात साबणाचा बराचसा भाग आधी क्षाराशी झुंजण्यात खर्ची पडतो, उरलेल्याचा फेस होतो. असा फेस दिसायला फुगतो, पण बोटांत चोळला की विरतो आणि खाली कोरडी कातडी लागते.

पाण्याची परीक्षा दोन मिनिटांत होते. दोन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, दोन्हींत निम्म्यापर्यंत. अंघोळीच्या साबणाचा हरभऱ्याएवढा तुकडा प्रत्येकीत टाकून सारखंच हलवा. बोअरच्या बाटलीत फेस कमी आणि पाणी दुधाळ दिसलं तर समजून जा. टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो सगळे विरघळलेले क्षार मोजतो, त्यात कठीणपणाचा वाटा किती हे सांगत नाही.

उपाय महाग नाही. फेसाला लागतं पाऊण-एक कप पाणी. तेवढं जारचं किंवा आरओचं घ्या, बाकी तोंड धुणं खुशाल बोअरवर होऊ द्या. फिल्टर नसेल तर पाणी पाच-दहा मिनिटं खळखळ उकळा, निवू द्या आणि वरचं नितळ तेवढं वापरा. बायकार्बोनेटचा कठीणपणा उकळल्यानं खाली बसतो, सगळा नाही तरी बराच. तुरटी फिरवून काही होत नाही. तुरटी गाळ बसवते, विरघळलेला क्षार तिला ऐकत नाही. लिंबू पिळण्याचा सल्लाही कुणी देतं. आम्लानं साबणच फुटतो, तेव्हा तो सोडून द्या.

ब्रश सिंथेटिक घ्या. तो पाणी धरून बसत नाही, लवकर वाळतो, क्षारानं ताठर होत नाही. डुकराच्या केसांचा ब्रश आधी कोमट पाण्यात भिजवावा लागतो आणि जड पाण्यात त्याच्या मुळाशी पांढरं साचतं. ब्रश झटकून जवळपास कोरडा करायचा आणि वडीच्या साबणावर अर्धा-पाऊण मिनिट फिरवायचा. मऊ पाण्यात वीस सेकंद पुरतात, इथं नाहीत. मग पाणी थेंबाथेंबानं. ब्रशचं टोक बुडवायचं, फिरवायचं, पुन्हा टोक. एकदम पाणी घातलं की बुडबुडे होतात आणि ते परत जुळून येत नाहीत. फेस घट्ट विरजलेल्या दह्यासारखा, चकचकीत हवा, एकही बुडबुडा डोळ्याला दिसता कामा नये. ट्यूबमधली क्रीम असेल तर मऊ पाण्यात दीड सेंटीमीटर लागते तिथं अडीच घ्या. डब्यातला तयार फोम या रेझरला नको. त्यात हवाच जास्त, ब्लेडखाली निसरडं काही राहत नाही.

एप्रिल-मेत आणखी एक अडचण. बेचाळीस अंशांची कोरडी हवा आणि वर पंखा, म्हणजे गालाचा फेस मानेपर्यंत पोचायच्या आत वाळतो. पंखा बंद करा, आधी एकच बाजू फेसाळा, ती उरकली की दुसरी.

ब्लेडचं काय? 34सीत बाजारातलं कुठलंही दुधारी ब्लेड बसतं. 1904 मध्ये जिलेटला पेटंट मिळाल्यापासून मधल्या भोकांचा आकार बदलला, पण ब्लेडचं मूळ माप तेच राहिलं. रेझर सौम्य असल्यानं त्याला तीक्ष्ण ब्लेड मानवतं. सेव्हन ओ क्लॉकचं सुपर प्लॅटिनम संभाजीनगरच्या गुलमंडीवर काय किंवा लातूरच्या गंजगोलाईत काय, जनरल स्टोअरात सहज मिळतं आणि बहुतेकांना पुरतं. जपानी फेदर सगळ्यात तीक्ष्ण म्हणून ओळखलं जातं. राठ, दाट दाढीला ते छान, पण पहिल्याच महिन्यात त्याच्या नादी लागू नका. एक ब्लेड चार-पाच दाढ्या करतं. जड पाणी धारेवर वाळलं की तेवढ्याही होत नाहीत, म्हणून शेवटी फिल्टरच्या पाण्यातून काढून झटका. धार टॉवेलला पुसू नका, टॉवेल फाटतो आणि धारही मोडते.

हात कसा फिरवायचा? टोपी गालाला टेकवा, मूठ हळूहळू खाली आणा आणि केस कापल्याचा आवाज यायला लागला की तिथंच थांबा. तो कोन साधारण तीस अंशांचा असतो. दाब शून्य, वजन रेझरचं स्वतःचं. काडतुसाच्या (कार्ट्रिजच्या, म्हणजे अख्खं डोकं बदलायच्या) रेझरची सवय असलेले लोक नेमका दाब देतात आणि हनुवटीखाली लाल ठिपके उमटवून घेतात. दोन-तीन सेंटीमीटरचे छोटे हात मारायचे, मोकळ्या हातानं कातडी ताणायची. पहिला हात सुलटा, केसांच्या दिशेनं. पुन्हा फेस लावून दुसरा आडवा. उलटा हात फक्त गालांवर आणि तोही ज्यांची कातडी सोसते त्यांनीच. मानेवर केसांची दिशा दर बोटाला बदलते, काहींच्या कंठाजवळ तर भोवरा असतो. दोन दिवसांच्या खुंटावरून बोट फिरवून दिशा आधी ओळखून ठेवा. कुरळ्या दाढीला मानेवर उलटा हात मारला की केस कातडीखाली वळतात आणि घामाच्या दिवसांत तिथं फोड येतात. चार-पाच दिवसांची वाढ असेल तर आधी ट्रिमर, कारण 34सीच्या पट्टीला दात नाहीत, लांब केस तिच्यात दबतात.

शेवटी तुरटीचा खडा ओला करून फिरवायचा, अर्ध्या मिनिटानं चेहरा धुवायचा. जिथं झोंबलं तिथं दाब पडला होता. कापलेल्या जागी खडा दाबून धरला तर रक्त थांबतं.

पाण्याच्या खर्चात मात्र हा रेझर आपल्या भागासाठीच बनवला की काय असं वाटतं. तीन-चार पात्यांच्या काडतुसात केस आणि साबण अडकतो, तो काढायला नळ सोडावा लागतो. इथं एकच धार, दोन्ही बाजूंनी मोकळी. मगात बुडवून हलवला की साफ. फेसाचं धरून सगळी दाढी अर्ध्या लिटरात होते. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आठवड्याला एकदा नळ येणाऱ्या गल्लीत हा हिशेब किरकोळ नाही.

वस्तऱ्याची हौस असणाऱ्यांसाठी थोडं. सलूनमध्ये आता जो वस्तरा दिसतो त्यात अर्धं ब्लेड मोडून बसवलेलं असतं. तो घरी वापरायचा तर 34सीपेक्षा सावध हात हवा, कारण धारेपुढं आडकाठी काहीच नाही. सलूनमध्ये गेलात तर ब्लेड पाकिटातून तुमच्यासमोर काढून मोडलं जातंय ना, एवढं बघा. हेपॅटायटिस बी, सी रक्तातून पसरतात, तेव्हा मागायला लाजू नका. दगडावर पाजायचा अखंड पोलादी वस्तरा हा वेगळाच संसार. दर वेळी आधी कापडावर वीस-तीस आणि चामड्याच्या पट्ट्यावर पन्नासेक फेऱ्या, काही महिन्यांनी बारीक दगड, आणि वापरून झाल्यावर हाडासारखा कोरडा करणं. साधं कार्बन पोलाद बोअरच्या पाण्याच्या एका थेंबानं डागाळतं. ऑफिसची बस पकडणाऱ्यानं या वाटेला जाऊ नये.

किंमत हा 34सीचा कमकुवत मुद्दा. आयात माल असल्यानं विक्रेत्यागणिक ती बदलते आणि त्या पैशांत देशी बनावटीचे तीन तुकड्यांचे दोन-तीन चांगले रेझर येतात. ब्लेडचा खर्च दाढीमागे किरकोळच, तो दोन्हींना सारखा. म्हणून ज्याच्याकडे नळाला धरणाचं बऱ्यापैकी मऊ पाणी येतं आणि ज्याला आखूड, जड मुठीची पकड आवडते, त्यानं 34सी खुशाल घ्यावा. बोअरवाल्यानं देशी तीन तुकड्यांचा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत बऱ्यापैकी सिंथेटिक ब्रश आणि स्टिअरिक आम्ल (घट्ट फेस देणारं स्निग्धाम्ल) भरपूर असलेला वडीचा साबण आणावा. चेहऱ्याला फरक त्यानंच जास्त कळेल.

ऑनलाइन मागवलात तर डबा उघडताच रिकाम्या रेझरची घुंडी शेवटपर्यंत फिरवून बघा. कुठं अडकली, करकरली, किंवा ब्लेड बसवल्यावर दोन्ही धारा सारख्या येईनात, तर परत करायची मुदत संपायच्या आत परत करा. वापरलेली ब्लेडं औषधाच्या पत्र्याच्या डबीला वर चीर पाडून तिच्यात टाकत जा आणि डबी भरली की चिकटपट्टीनं बंद करून भंगारवाल्याला सांगून द्या. घंटागाडीत सुटी ब्लेडं टाकली की कचरा वेचणाऱ्याचा हात कापतो.