पिंप की कर्दळीची कुंडी? अंगणातल्या तळ्यासाठी घरगुती फिल्टर निवडताना

आमच्या मागच्या गल्लीतल्या काकूंनी गेल्या महिन्यात अंगणात तळं खणून घेतलं. बेलापूरला, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी, बैठ्या घराच्या मागच्या बाजूला. लांबी दहा फूट, रुंदी सहा, खोली दोन, म्हणजे साधारण ३,४०० लिटर पाणी. गोल्डफिश आणायचे हे ठरलेलं, पण फिल्टरपाशी घोडं अडलं. जावई म्हणाले, निळं पिंप घ्या आणि त्यात बायोबॉल, म्हणजे प्लास्टिकचे जाळीदार गोळे, भरा. माळीदादा म्हणाले, तळ्याच्या कडेला खडीची कुंडी बांधा आणि कर्दळ लावा. काकू माझ्याकडे आल्या, कारण माझ्या अंगणात कुंडी आहे आणि ठाण्याला घोडबंदर रोडवर माझ्या आतेभावाकडे पिंप आहे. दोन्हींत मी कोपरापर्यंत हात घातलेले आहेत. "एकच सांग गं, कोणतं करू?" असं त्यांनी विचारलं. एका वाक्यात उत्तर देणं मला जमलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

फिल्टर म्हटलं की डोळ्यांसमोर चहाची गाळणी येते. तळ्यात मुख्य काम वेगळंच असतं. मासे जे खातात त्यातला बराचसा नायट्रोजन ते कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतात. पाणी आरशासारखं नितळ असलं तरी त्यात अमोनिया असू शकतो, डोळ्यांना तो दिसत नाही. नायट्रोसोमोनास नावाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरासारखे दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइट अंगात गेलं की माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने निरुपद्रवी, झाडांना तर ते खतच. हे जिवाणू कशाला तरी चिकटून वाढतात. पिंपातला बायोबॉल काय किंवा कुंडीतली खडी काय, दोन्ही त्यांना बसायला दिलेली जागा.

त्यांना ऑक्सिजन मात्र भरपूर लागतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट व्हायला सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन खर्ची पडतो. आपल्याकडे मे महिन्यात पाणी ३० अंशांवर जातं आणि त्या तापमानाला एका लिटर पाण्यात जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो. उकाडा वाढला की मासे आणि जिवाणू दोघांनाही ऑक्सिजन जास्त लागतो, आणि तेव्हाच पाण्यात तो कमी असतो. म्हणून ठाणे-नवी मुंबईत फिल्टर निवडताना माझा पहिला प्रश्न असतो, वीज गेल्यावर याचं काय होईल?

पिंप

आतेभावाने दोनशे लिटरचं निळं पिंप भंगारवाल्याकडून आणलं. घेताना आधी त्यात काय भरलेलं होतं ते विचारा. खाद्यतेल किंवा सरबताचा अर्क असेल तर धुऊन चालतं, रसायनाचा वास येत असेल तर कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. तळ्यातल्या पंपाचं पाणी पाइपने थेट पिंपाच्या तळाशी सोडायचं, म्हणजे जड गाळ खाली बसतो आणि पाणी थरांमधून वर चढतं. खाली भांडी घासायच्या प्लास्टिकच्या जाळीदार घासण्या, वर कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांत भरलेला मीडिया, म्हणजे जिवाणूंना बसायला दिलेलं सामान, आणि सगळ्यात वर बाहेर जाणारा पाइप. घासण्या साबण लावलेल्या किंवा धातूच्या नकोत. आत येणारा पाइप एक इंची असेल तर बाहेरचा निदान दोन इंची हवा, कारण ते पाणी नुसत्या उतारावर परत जातं. तळाला गाळ सोडायचा व्हॉल्व्ह बसवा. तो नसेल तर दर वेळी अख्खं पिंप उपसावं लागतं.

मीडिया म्हणून बाटल्यांची झाकणंसुद्धा चालतात. पैसे खर्च करायचे असतील तर के-वन नावाची प्लास्टिकची छोटी चक्रं मिळतात. त्यांच्या एका घनमीटरमध्ये जिवाणूंना सुमारे ५०० चौरस मीटर जागा मिळते. म्हणजे पन्नास लिटर के-वनमध्ये पंचवीस चौरस मीटर, एका बऱ्यापैकी मोठ्या खोलीच्या जमिनीएवढी. दोन-तीन चौरस फुटांत उभ्या राहणाऱ्या पिंपात एवढं मावतं, ही पिंपाची खरी ताकद. ज्याला कोई, म्हणजे मोठे रंगीत जपानी कार्प मासे, पाळायचे आहेत त्याला ती लागते. कोई दीड-दोन फुटांचा होतो, भरपूर खातो आणि तेवढीच घाण करतो. एका कोईमागे हजार लिटर पाणी धरावं.

पण पिंपाची एक रात्र मी विसरणार नाही. मे महिना होता. आतेभाऊ आणि वहिनी लग्नासाठी बाहेरगावी गेले होते आणि मध्यरात्री वीज गेली. बंद पिंपात पाणी थांबलं. आतले जिवाणू आणि गाळ यांनी मिळून उरलेला ऑक्सिजन तासा-दोन तासांत संपवला, मग तिथे सडण सुरू झाली. पहाटे वीज आली, पंप आपोआप चालू झाला आणि ते काळं, सडक्या अंड्यासारखा वास येणारं पाणी थेट तळ्यात गेलं. शेजाऱ्यांचा फोन आला म्हणून मी बेलापूरहून निघाले, पोहोचेपर्यंत तीन कोई गेले होते. सहा वर्षांचे मासे, दादाच्या हातून दाणे खायचे. तेव्हापासून त्याच्याकडे दोन नियम आहेत. पंपाचा प्लग घरच्या इन्व्हर्टरवर, आणि वीज दोन तासांपेक्षा जास्त गेली तर पिंप आधी गटारात रिकामं करायचं, मगच पंप लावायचा. चाळीस वॉटचा पंप इन्व्हर्टरला जड जात नाही. चोवीस तास चालला तरी त्याला दिवसाला एक युनिटही लागत नाही.

दुसरी गोष्ट धुण्याची. पिंप दर पंधरा दिवसांनी उघडावं लागतं, पावसाळ्यात पानं-माती येते तेव्हा आठवड्याला. मीडिया तळ्याच्याच पाण्यात बादलीत खळबळून घ्यायचा. नळाखाली धरला की पाण्यातलं क्लोरीन महिनाभर वाढवलेले जिवाणू मारून टाकतं. त्याच कारणाने तळ्यात नळाचं पाणी भरतानाही हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, आधी टाकावं.

खडी आणि कर्दळ

कुंडीत तत्त्व तेच, मांडणी आडवी. तळ्याच्या पृष्ठभागाच्या दहा ते तीस टक्के एवढी जागा लागते. काकूंचं तळं साठ चौरस फुटांचं, म्हणजे सहा बाय दोनची कुंडी पुरेल. तळाशी भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप, वर फूटभर अर्धा इंची खडी, आणि पाणी खालून वर झिरपत कडेवरून तळ्यात पडतं. आपल्या भागातली काळी खडी बेसॉल्टची, पाण्यात काही सोडत नाही. संगमरवरी चिप्स दिसायला छान, पण त्यांनी पाण्याचा पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, चढतो.

खडी धुण्यात आळस नको. मी पहिल्या वर्षी क्रशरची धूळ नीट न काढता खडी ओतली, वर कर्दळीच्या मुळांना काळी मातीही ठेवली. तळं दीड महिना गढूळ होतं आणि शेवटी सगळी खडी काढून पुन्हा धुवावी लागली. झाडं मुळं स्वच्छ धुऊन थेट खडीत रोवायची, त्यांना माती लागत नाही आणि खत तर मुळीच नाही. कर्दळ, अळू, वाळा, वेखंड ही आपल्याकडची झाडं यात फार आनंदाने वाढतात. जलपर्णी मात्र नको. ती पाणी चांगलं शोषते हे खरं, पण तिचा एक तुकडा नाल्यात गेला की पुढे काय होतं ते उल्हास नदीत दिसतं.

कुंडीचा फायदा असा की ती जिवाणूंवरच थांबत नाही. नायट्रेट झाडं खातात. पिंप ते पाण्यात तसंच ठेवतं, मग ते कमी करायला पाणी बदलत राहावं लागतं. हिरव्या पाण्याचं कोडंही इथेच आहे. "फिल्टर लावला तरी पाणी हिरवंच" ही तक्रार मी पिंपवाल्यांकडून पुष्कळदा ऐकते. शेवाळाला ऊन आणि नायट्रेट दोन्ही मिळत असेल तर ते वाढणारच, त्यात पिंपाचा दोष नाही. आणि शेवाळ भर दुपारी पाण्याचा पीएच चढवतं. पीएच ७ आणि ३० अंशांना एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो, पीएच ९ ला मात्र चाळीस टक्क्यांच्या वर जातो. कालपर्यंत सुखरूप असलेलं तळं असं एका दुपारी फिरतं. तळ्यावर थोडी सावली आणि कुंडीत झाडं असली की हा धोका बराच कमी होतो.

वीज गेली तर? कुंडीतही ऑक्सिजन उतरतो, ती जादूची नाही. पण उथळ, उघडी आणि पसरट असल्याने बंद पिंपाइतकी लवकर सडत नाही. माझी दोन-तीन तास बंद राहिलेली आहे, काही झालं नाही. रात्रभराची परीक्षा मी घेतलेली नाही आणि घेणारही नाही. माझाही पंप इन्व्हर्टरवरच आहे.

आता तिच्या उण्या बाजू. एकदा बांधली की हलत नाही. काकूंच्या मापाच्या कुंडीत जवळजवळ अर्धा टन खडी बसते, त्यामुळे गच्चीवर किंवा फ्लॅटच्या पोडियमवर हा विचार सोडून द्या. काही वर्षांनी खडीत गाळ साचतो. म्हणून बांधतानाच एका टोकाला चार इंची उभा पाइप तळापर्यंत घाला, त्यातून गाळ उपसता येतो. आणि औषधाचा प्रश्न आहे. मासे आजारी पडले की लिटरला तीन ग्रॅमपर्यंत खडे मीठ घालायची पद्धत आहे. पिंपाचे जिवाणू एवढं मीठ सोसतात, कुंडीतली झाडं करपतात. माझ्याकडे आजारी मासा वेगळ्या टबात जातो, त्याला पर्याय नाही. औषधाचं पाणी कुंडीत गेलेलं असेल तर त्या अळूची पानं फदफद्यासाठी काढू नका.

डासांचं विचारलंच जातं, आणि विचारायलाच हवं, महापालिकेची माणसं पावसाळ्यात घरोघर साठलेलं पाणी बघत फिरतात. कुंडीत पाण्याची पातळी खडीच्या दोन इंच खाली ठेवली की डासांना अंडी घालायला पाणी दिसतच नाही. पिंपाच्या तोंडाला जाळी बांधा. तळ्यात मूठभर गप्पी सोडा.

जागा कमी आणि कोई हवेतच, असं असेल तर तिसरा मार्ग आहे. भाजीचे प्लास्टिक क्रेट एकावर एक रचायचे, त्यांत मीडिया भरायचा आणि वरून पाणी शिंपडत खाली पाडायचं. पाणी हवेतूनच येत असल्याने जिवाणूंना ऑक्सिजन भरपूर. वीज गेली तर पाणी निथळून जातं आणि मीडिया ओलसर हवेत राहतो, सडत नाही. पण रात्रंदिवस नळ सोडल्यासारखा आवाज येतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या रो-हाउसमध्ये शेजाऱ्यांना आधी विचारा.

कोणताही फिल्टर करा, काही गोष्टी दोन्हींना सारख्याच लागू आहेत. पाणी एक ते दोन तासांत एकदा पूर्ण फिरायला हवं. पंपाच्या खोक्यावरचा आकडा धरू नका, पाणी जिथे पडतं तिथे दहा लिटरची बादली धरा. पंधरा सेकंदांत भरली तर तासाला २,४०० लिटर, काकूंना तेवढं पुरे. पंप तळाला न ठेवता विटेवर अर्धा फूट उंच ठेवा. कुठे गळती झाली तरी माशांपुरतं पाणी तळ्यात उरतं. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच, हवाच. ओल्या हाताने तळ्यात उतरणारे आपणच असतो.

पावसाळ्यात एक धोका असा आहे जो इथल्या लोकांना फारसा कोणी सांगत नाही. अमोनिया फोडताना जिवाणू पाण्याचा केएच, म्हणजे आम्लाला थोपवून धरण्याची ताकद, खाऊन टाकतात. जुलैत तळ्यात नुसतं पावसाचं पाणी भरतं, त्यात केएच जवळजवळ नसतोच. तो संपला की पीएच कोसळतो आणि जिवाणू काम थांबवतात. जाळीच्या पिशवीत धुतलेली तिसऱ्यांची शिंपलं भरून ती वाहत्या पाण्यात ठेवा, हळूहळू विरघळत राहतात. ताबडतोब हवं असेल तर हजार लिटरला तीस ग्रॅम खायचा सोडा घातला की केएच एक अंशाने वाढतो.

काकूंना मी कुंडीच सांगितली. त्यांना गोल्डफिश पाळायचे आहेत, अंगणात जागा आहे, आणि गणपतीत त्या दहा दिवस रत्नागिरीला जातात. आठवडाभर मासे उपाशी राहिले तर बिघडत नाही, पण भर पावसाळ्यात दहा दिवस न धुतलेल्या पिंपाच्या भरवशावर मी त्यांना पाठवणार नाही. त्यांना कोई हवे असते तर मी पिंप सांगितलं असतं, आणि इन्व्हर्टरची सोय होईपर्यंत मासे आणू नका असंही. जावयांचं पिंपही वाया जात नाही. आत मीडिया न भरता पाणी कुंडीच्या आधी त्यातून नेलं तर गाळ त्यातच बसतो आणि खडी जास्त वर्षं टिकते.

काम फेब्रुवारीत सुरू करायचं ठरलं आहे. आपल्या हवेत जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात, म्हणजे उन्हाळा चढण्याआधी कुंडी तयार होईल. तोवर दोनच मासे, खाणं अगदी चिमूटभर, आणि दर दोन दिवसांनी टेस्ट किट. अमोनिया आधी चढून उतरेल, मग नायट्राइट. दोन्ही शून्यावर आल्यावर बाकीचे मासे. कर्दळीचे कंद मी देणार आहे, आणि त्या दिवशी माझ्या कुंडीतली दोन घमेली खडीही, ओल्या पोत्यात गुंडाळून. तिच्यावर तयार जिवाणू आहेत, ती वाळायच्या आत त्यांच्या खडीत पडायला हवी, म्हणून काकूंना आधी पंप चालू करून ठेवायला सांगितलं आहे.