कामाच्या जागी डास आणि चिलटे: मलम, निळा दिवा की पंखा?

एका हातात पटाशी आणि दुसऱ्या हातात लाकडी हातोडा असताना घोट्यावर डास बसला, तर त्याला हाकलायला हात मोकळा नसतो. घरात निवांत बसलेल्या माणसाचा डासांचा प्रश्न आणि काम करणाऱ्याचा प्रश्न यांत खरा फरक आहे तो इथेच. पाय झटकला की अंग हलते, अंग हलले की रेघ चुकते, आणि हत्यार धारदार असेल तर नुसती रेघ चुकण्यावर भागेल याची खात्री नसते. त्यामुळे उपाय निवडताना त्याने किती कीटक मेले हे मी पाहिले नाही. मला किती वेळ मान वर न करता काम करता आले, एवढेच पाहिले. ज्यांचा निकष वेगळा असेल त्यांचा निर्णयही वेगळा होऊ शकेल, हे आधीच मान्य करतो.

माझे सुतारकाम एका बाजूने उघड्या असलेल्या शेडमध्ये चालते, आणि बहुतेक वेळा संध्याकाळी. लांब फळ्या कापायच्या असतील तर घोडी बाहेर मांडतो. म्हणजे दिवा, उघडी बाजू, घाम आणि तिन्हीसांजेची वेळ, असे कीटकांना हवे ते सगळे तिथे एकत्र येते. गेल्या काही वर्षांत मी अंगाला लावायचे मलम, निळ्या दिव्याचे विजेचे यंत्र आणि साधा पंखा हे तिन्ही उपाय पुरेसा काळ वापरले आहेत.

कॉइलचा विचार मात्र मी फार काळ केला नाही. एक कॉइल जळताना जितके सूक्ष्म कण हवेत सोडते तितके सोडायला 75 ते 137 सिगारेटी लागतात, असे 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. ते बाजूला ठेवले तरी जमिनीवर भुसा आणि फळीवर थिनरचा डबा असलेल्या ठिकाणी तासन्‌तास धुमसणारा निखारा ठेवणे मला पटत नाही.

निळ्या दिव्याच्या यंत्रापासून सुरुवात करतो, कारण पहिल्यांदा मीही तेच घेतले. त्याचा तडतड आवाज ऐकला की काम होत आहे असे वाटते, आणि सकाळी खालचा ट्रे भरलेला दिसला की खात्रीच पटते. तरीही माझ्या घोट्यावरचे चावे काही कमी झाले नाहीत. कारण पुढे वाचनातून कळले. डास माणसाला शोधतो तो श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि त्वचेचा वास यांवरून. निळ्या दिव्याचे त्याला फारसे आकर्षण नाही. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाच्या संशोधकांनी घरांच्या अंगणांत लावलेल्या अशा यंत्रांत मेलेले कीटक मोजले आणि ती मोजणी 1996 साली प्रसिद्ध केली. एकूण 13,789 कीटकांपैकी चावणारे निघाले अवघे 31. जवळजवळ निम्मे पाण्याच्या आसऱ्याने वाढणारे निरुपद्रवी कीटक होते, आणि इतर कीटकांना खाऊन किंवा त्यांच्यावर वाढून आपले कामच हलके करणारे कीटकही त्यात बरेच होते. हे वाचल्यावर त्या भरलेल्या ट्रेकडे मला समाधानाने पाहता आले नाही.

दुसरी अडचण जागेची. यंत्र मी बाकाच्या वर टांगले होते, कारण तिथे खिळा होता. कीटक जाळीला चिकटून नुसता मरत नाही, तो फुटतो, आणि पंखांचे व पायांचे तुकडे खाली पडतात. ताज्या वॉर्निशमध्ये रुतलेला पंखाचा तुकडा चिमट्याने काढायचा प्रयत्न ज्याने केला असेल त्याला पुढचे सांगायला नको. माश्या अशा यंत्रात फुटतात तेव्हा त्यांच्या अंगावरचे जंतू आसपास उडतात, हे कॅन्सस राज्य विद्यापीठातील प्रयोगांतही दिसले आहे. शिवाय थिनरची वाफ कोंडलेल्या जागी ठिणगी पाडणारे यंत्र नसावे, हे वेगळे सांगायची गरज नाही. तरी न्याय म्हणून एक नोंद करतो: बंदिस्त दुकानात दिवसा माश्यांचाच त्रास असेल, तर निळ्या दिव्यामागे चिकट तक्ता असलेला सापळा चांगला उपयोगी पडतो. तो कीटक फोडत नाही. फक्त बाहेरून दिसेल अशा ठिकाणी, दारासमोर, तो लावू नये. नाहीतर रस्त्यावरच्या माश्यांना आपणच आत बोलावतो.

आता मलम. केवळ चावे थांबवण्याचा प्रश्न असेल तर डीट, म्हणजे डासांना दूर ठेवणारे रसायन, असलेल्या मलमाला तोड नाही, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. 1946 साली अमेरिकी सैन्यासाठी ते आले, 1957 पासून सर्वांना मिळू लागले, आणि आजही नव्या मलमांची तुलना त्याच्याशीच केली जाते. 10 टक्क्यांचे सुमारे दोन तास आणि 30 टक्क्यांचे सुमारे पाच तास टिकते. 50 टक्क्यांच्या पुढे गेल्याने फारसे काही वाढत नाही. पायांना लावले की बाकाखालचे डास घिरट्या घालतात, पण बसत नाहीत. एक अख्खा हंगाम मी त्यावर समाधानी होतो.

मग ती पेटी झाली. छोटी, कोपऱ्यांना खाचा घालून जोडलेली, झाकणाला वॉर्निशचे तीन हात दिलेली. तिसरा हात बोटाला चिकटेनासा झाला होता. संध्याकाळी नेहमीप्रमाणे तळहाताने पायांना मलम लावले, हात कपड्याला पुसले, आणि झाकण उचलून दिव्याकडे तिरके धरून पाहिले की कुठे ओघळ राहिला आहे का. ओघळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र झाकणाच्या कडेजवळ माझ्या अंगठ्याचा ठसा होता, आणि तो नुसता डाग नव्हता. वॉर्निश तेवढ्याच भागात मऊ पडून पुन्हा घट्ट झाले होते आणि त्यात अंगठ्याच्या रेषा उमटल्या होत्या, शाई लावून कागदावर उमटवाव्यात तितक्या स्पष्ट. वरून घासून भागेल असे वाटले, पण ठसा तिन्ही थरांत उतरला होता. शेवटी पॉलिश पेपरने लाकडापर्यंत जावे लागले आणि चार दिवसांचे काम पुन्हा करावे लागले.

डीट हा काही प्लॅस्टिक आणि रंग-वॉर्निश विरघळवणारा पदार्थ आहे, आणि तशी सूचना वेष्टनावर असते. मी ती वाचली नव्हती. त्यानंतर लक्ष गेले तेव्हा सुरक्षेच्या चष्म्याचा उलगडा झाला. त्याच्या काचेवर, मी बोटांनी धरतो बरोबर त्या दोन जागी, धुरकट पांढरे पट्टे आले होते आणि ते धुऊन जात नव्हते. इतके दिवस मी ते ओरखडे समजत होतो. हात साबणाने धुतले तर प्रश्न मिटायला हवा, आणि सुरुवातीला मिटतोही. पण काम करणारा माणूस घाम पुसतो, पोटरी खाजवतो, बाही सावरतो, आणि मलम पुन्हा बोटांवर येते. हातमोजे घालावेत तर फिरत्या यंत्राजवळ ते धोक्याचे असतात. याखेरीज ओलसर त्वचेवर भुसा चिकटतो आणि कपाळावरचे मलम घामाबरोबर डोळ्यांत उतरते, पण या गोष्टी मी सोसल्या असत्या. ज्या हातांनी वस्तू घडवायची त्याच हातांवर तिला बिघडवणारा पदार्थ आहे ही भीती मात्र मला सोसली नाही, आणि माझा निर्णय तिथेच झाला. मलमच हवे असेल तर पिकारिडिनचे घ्यावे. 1980 च्या दशकात आलेला हा पदार्थ प्लॅस्टिकला धक्का लावत नाही, आणि 20 टक्क्यांचे मलम माझ्या अनुभवात एका बैठकीला पुरून उरते. तेही मी आता मळहाताने, म्हणजे हाताच्या पालथ्या बाजूने, लावतो. ही सवय सुटलेली नाही.

पंख्याकडे मी शेवटी वळलो आणि, खरे सांगायचे तर, फारशी आशा न ठेवता. डास हा कच्चा उडणारा प्राणी आहे. त्याचा वेग ताशी दोन किलोमीटरच्या आसपास, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसापेक्षाही कमी, त्यामुळे मध्यम वेगाच्या पंख्याच्या झोतातही त्याला धड उडता येत नाही. शिवाय श्वासाचा आणि घामाचा जो माग धरून तो येतो, तो मागच वारा विस्कटून टाकतो. तत्त्व सोपे आहे, पण जागा चुकली तर काहीच उपयोग होत नाही. छताच्या पंख्याचा वारा बाकाच्या पाटावर अडतो आणि खाली, जिथे सावली असते आणि डास असतात, तिथे पोहोचत नाही. मी जमिनीवर ठेवायचा पंखा घेतला आणि तो गुडघ्याच्या उंचीवर, मागून थोडा तिरका, उघड्या बाजूकडे वारा जाईल असा ठेवला. पहिल्याच संध्याकाळी दोन तास काम झाले, आणि पायांकडे आपण एकदाही पाहिले नाही हे मला हत्यारे आवरताना लक्षात आले. वर घासण्याची धूळ नाकाकडे न येता बाहेर जाऊ लागली, हा फायदा अनपेक्षित होता.

त्याचे दोषही सांगतो. झोताबाहेर दोन पावले गेले की चावे सुरू होतात. रंध्याचे पातळ वेटोळे शेडभर पसरतात आणि आखणीचा कागद वजन ठेवल्याशिवाय जागेवर राहत नाही. वॉर्निश लावताना तर पंखा चालू ठेवूच नये, कारण भुशाची धूळ थेट ओल्या थरावर येऊन बसते. मी ते काम आता सकाळच्या उजेडात करतो. त्यासाठी वेळ बदलावी लागली, आणि प्रत्येकाला ते जमेलच असे नाही. गांधीलमाशीवर पंख्याचा काहीही परिणाम होत नाही, पण तिच्यावर तिघांपैकी कोणाचाच होत नाही. ती आली की हात न झटकता थांबावे, ती निघून जाते.

पंख्याला दिव्याची साथ लागते, हे मात्र सांगायलाच हवे. पांढरा दिवा काढून मी पिवळसर उजेडाचा लावला आणि तो बाकाच्या डोक्यावरून हलवून बाजूला, हातभर लांब नेला. उडणारे कीटक पाठ उजेडाकडे ठेवून स्वतःला सावरतात आणि म्हणून दिव्याभोवती अडकून फिरत राहतात, असे 2024 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले आहे. ते फिरायचे तर फिरोत, माझ्या कामावर नकोत, एवढाच माझा हिशेब. चिलटांची गर्दी नजरेत भरेल इतकी घटली.

आणखी एक गोष्ट मला उशिरा सापडली. धारेचे दगड भिजवायची बादली बाकाखालीच असते, आणि एकदा तिच्यात वाकून पाहिले तेव्हा पाण्यात अळ्यांची वळवळ चालली होती. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणजे माझ्या पायांना चावणारे डास मीच पायांशी वाढवत होतो. आता दगड काढून ठेवतो आणि बादली उपडी करतो.

वीज नसलेल्या जागी, शेताच्या बांधावर किंवा छपरावर काम असेल, तर पंख्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. तिथे पिकारिडिन आणि पूर्ण लांबीचे सैल कपडे हेच खरे. बंद दुकानात माश्याच असतील तर चिकट सापळा. पण एका जागी उभे राहून, हातांनी, संध्याकाळचे काम करणाऱ्याने आधी पंखा घेऊन पाहावा असे मला वाटते. घेताना मान पूर्ण खाली वळणारा आणि जाळी बारीक असलेला घ्यावा, वायर वाटेत येऊ देऊ नये, आणि उघड्यावर वापरायचा असेल तर ज्या प्लगला तो जोडायचा त्याला गळती ओळखून वीज तोडणारे स्विच आहे ना, ते आधी पाहून घ्यावे.