फोन पाण्यात पडलाच नाही, तरी ‘लिक्विड डॅमेज’ (सर्व्हिस सेंटरचा अनुभव)

फोन घेऊन १० महिने झालेले, म्हणजे वॉरंटीत आहे म्हणून निवांत होते मी. तक्रार एवढीच की चार्जिंग मधेच तुटतंय आणि कॉलवर समोरचा माणूस रजईत तोंड घालून बोलतोय असं वाटतं. कंपनीच्या ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरला गेले, टोकन घेतलं, जॉब शीट (दुरुस्तीसाठी फोन घेतल्याचा नोंदीचा कागद) झाली, सगळं पटापट, वागणूकही चांगली. पाऊण तासाने काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "मॅडम, लिक्विड डॅमेज आहे, वॉरंटीत नाही बसणार." अरे पण पाण्यात पडलाच नाहीये! तर म्हणे "स्टिकर लाल झालाय." बास, विषय संपला.

आता हा स्टिकर म्हणजे काय ते घरी येऊन वाचलं. बऱ्याच फोनमध्ये सिम ट्रे काढून खाचेत टॉर्च मारली की पांढरा दिसतो तो, आत बोर्डवर (फोनच्या मुख्य सर्किटच्या पट्टीवर) पण असतात. पाणी लागलं की लाल किंवा गुलाबी होतो आणि परत पांढरा होत नाही. पण पाणी कधी लागलं, किती लागलं, आणि आजचा बिघाड त्यानेच झालाय का, यातलं काहीच तो सांगत नाही. अमेरिकेत याच स्टिकरवरून क्लेम नाकारले म्हणून अॅपलवर केस झाली होती, त्यात मुद्दा हाच की नुसत्या दमट हवेनेही रंग बदलू शकतो, आणि २०१३ मध्ये अॅपलने ५.३ कोटी डॉलरवर तडजोड केली. हे आधी माहीत असतं तर काउंटरवर जरा जोरात बोलले असते.

तरी मी अडूनच बसले, की मला उघडलेला फोन दाखवा. आधी नाही नाही चाललं, मग सुपरवायझर आले आणि त्यांनी भिंगाखाली दाखवलं. चार्जिंग पोर्टच्या बाजूला हिरवट बुरशीसारखं काहीतरी साचलेलं. म्हणाले पिनांवर ओलावा असताना चार्जिंग लावलं की करंटमुळे गंज भराभर चढतो. मग विचारलं, "बाथरूममध्ये नेता का?" आता काय सांगणार, अंघोळ करताना गाणी ऐकायची सवय आहे माझी आणि बाहेर आल्या आल्या फोन चार्जिंगला!

पण फोन आयपी६८ (धूळ-पाणी आत न जाण्याच्या टेस्टचं रेटिंग) आहे ना, विकणाऱ्याने तर पाण्यात बुडवला तरी काही होत नाही असं सांगितलेलं. इथेच सगळी मेख आहे. ती टेस्ट नव्या कोऱ्या फोनवर, लॅबमध्ये, साध्या गोड्या पाण्यात होते. वाफ, साबण, समुद्राचं पाणी हे त्यात येतच नाही, आणि फोन दोनदा आपटला किंवा आतलं सील जुनं झालं की तो आकडा फक्त बॉक्सवर उरतो. जाहिरातीत पाणीच पाणी आणि वॉरंटीच्या बारीक अक्षरात लिक्विड डॅमेज वगळलेलं, हे काय गणित आहे कळत नाही. यावरून इटलीत २०२० ला अॅपलला १ कोटी युरो दंड झालाय, आणि ऑस्ट्रेलियात २०२२ ला सॅमसंगला १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर, कारण जाहिरातीत फोन स्विमिंग पूल आणि समुद्रात दाखवलेले आणि प्रत्यक्षात ओल्या पोर्टला चार्जिंग लावलं की पोर्ट गंजत होतं. वाचून इतकं ओळखीचं वाटलं!

सेंटरवर माझा खरा राग वेगळाच आहे. वॉरंटी नाही तर नाही, पण त्यांच्याकडे उपाय एकच, पूर्ण बोर्ड बदला. साफ करून बघता का विचारलं तर "आमच्याकडे क्लीनिंग होत नाही." शेवटी बाहेरच्या एका कारागिराने आयसोप्रोपिल अल्कोहोलने (पटकन उडून जाणारं साफसफाईचं द्रावण) बोर्ड धुतला, पोर्टची छोटी पट्टी बदलली, आणि फोन आता नीट चालतोय. मात्र त्याने आधीच सांगितलं की एकदा उघडला म्हणजे सील पहिल्यासारखं धरायचं नाही, आता पाण्याच्या बाबतीत हा साधा फोन समजा.

तुम्ही जाणार असाल तर फोन हातात देण्याआधी त्यांच्यासमोरच सिमच्या खाचेतल्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, म्हणजे नंतर वाद नको, आणि नकार आला तर कारण जॉब शीटवर लिहूनच घ्या, तोंडी ऐकून परत येऊ नका. बॅकअप तर घ्याच. आणि हो, तांदळात वगैरे ठेवू नका, अॅपलनेच नको म्हणून सांगितलंय, त्याचे बारीक कण आत जातात.

५ पैकी अडीच स्टार. दोन वेळेवर काम आणि बोलण्याचे, अर्धा त्या सुपरवायझरच्या भिंगाचा.