तैलरंग डोंगरावरच, की स्केच आणून घरी?

येऊरच्या डोंगरवाटा तुडवणाऱ्या भाचीला पेच पडलाय: रंग वर न्यायचे, की स्केच-फोटो घेऊन ठाण्यात घरी रंगवायचं?

ओझं बघाल तर घरच बरं. डोंगरावरून ओलं चित्र कशाला न चिकटता उतरवायला खाचांची पेटी लागते, तेवढाच जादा खर्च. घरी मात्र रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनचा वास. खिडक्या उघड्याच हव्यात.

खरा फरक रंगाचा. फोटोत सावल्या काळ्या पडतात. समोर बसलं की त्याच सावलीत जांभळा, हिरवट दिसतो, लांबची डोंगररांग निळसर होत जाते. पण ऊन दोन तासांत सरकतं, म्हणून तिथे लहान बोर्डच घ्यावा.

नजर तयार करायची असेल तर डोंगरावरच. थरावर थर चढवून मोठा कॅनव्हास करायचा असेल तर घरी. एकेक थर सुकायलाच दिवस जातात, पावसाळ्यात आणखी.